आज किती फूट?

ओली दप्तरं कोपऱ्यात टेकवायच्या आधीच पोरं विचारतात, "बाई, आज किती फूट?" पंचगंगेकाठच्या आमच्या शाळेत तिसरीतल्या पोरालाही राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०२१ ला पाणी ५६ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही सगळी चारेक वर्षांची होती.

त्या दिवशी ३६ होतं. म्हटलं, पाढे राहू देत. मी ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरवरची बाई झाले आणि एकेकाला खोटा फोन लावायला लावला.

"आजी पडलीया!"
"कुठं राहता?"
"देवळामागं."
"कुठल्या?"
"आमच्या!"

आईचं नाव विचारलं तर निम्म्या वर्गाची आई नुसती 'आई'. तिचा नंबर चौघांनाच येत होता. नदीचा हिशेब इंचापर्यंत तोंडावर, आणि घरचा पत्ता देवळामागं! मग नंबर तीन-तीन-चार असे तोडून टाळ्यांवर पाठ करायला घेतले. मोबाईलचं लॉक न उघडताही ११२ लागतो, हे ऐकून तर पोरं हरखलीच.

जाता जाता मी विचारलं, "रात्री पाणी आलं तर काय कराल?" आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी एकाची आई दारात. छत्रीसुद्धा मिटली नव्हती. "बाई, काय भरवलंय पोराच्या डोक्यात? रात्रभर उठून उंबऱ्याला पाणी लागलंय का बघतंय. वंगाळ बोलू नको म्हटलं तर रडतंय."

काय बोलणार? प्रश्न टाकून मी घरी गेले होते. मोठी माणसं काय करणार, हे सांगायचं राहिलंच. पोराला वाटलं, सगळं आपल्यालाच करायचंय.

त्याला बाहेर बोलावलं. त्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा त्याला, कधी निघता ते. आधी कचरल्या. मग म्हणाल्या, "४१ झालं की मामा येणार. आज्जी आणि म्हस त्याच्यासंगं पुढं. आपण मागनं."

"आणि तू कामावर असलीस तर?"

पदराशी चाळा करत त्या थोडा वेळ गप्पच राहिल्या. "तर शेजारच्या काकूंचा हात धरायचा. त्यांच्यासंगं मामाकडं जायचं. मी तिथंच येणार."

"नंबर मला पाठ हाय," म्हणत त्यानं टाळ्या वाजवत म्हणून दाखवला. सातवा आकडा चुकला. आईनं दुरुस्त केला, परत म्हणायला लावला.

सोमवारी घरी भरलेली पिशवी त्यानं हट्टानं मला दाखवायला आणली. रेशनकार्डाची झेरॉक्स, आज्जीच्या गोळ्या, बॅटरी. तळाशी दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडून बघितलं तर बेंदराचा मातीचा बैल, एक शिंग मोडलेला.

"ह्यो भिजला की विरघळतोय, बाई," तो म्हणाला, आणि माझ्या हातातनं घेऊन परत गुंडाळायला लागला.