हजारी कारंजे आणि सतरावा दगड

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मॉडिंगचा, म्हणजे खेळात स्वतःचा कोड घालून त्यात बदल करण्याचा, वर्ग भरतो, त्याचा हा सहावा आठवडा. आठवी-नववीतील सात मुले, पाच जुने लॅपटॉप आणि लुआंटी हा ठोकळ्यांच्या खेळांचा मुक्त मंच एवढीच आमची सामग्री आहे. लुआंटी म्हणजेच पूर्वीचे माइनटेस्ट. त्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलले. जुने धडे समोर ठेवून शिकवणाऱ्यांना कोडमध्ये कुठे ‘माइनटेस्ट’ तर कुठे ‘कोअर’ असे लिहिलेले दिसेल, पण दोन्ही चालतात. मॉड, म्हणजे खेळात घालायचे हे बदल, लुआ भाषेत लिहायचे असतात. रिओ द जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही भाषा आटोपशीर आहे, आणि पहिल्यांदाच कोड लिहिणाऱ्या मुलांना तिचा हा आटोपशीरपणा फार उपयोगी पडतो.

पहिले चार आठवडे आम्ही इतरांचे मॉड उघडून त्यांतील आकडे बदलून पाहिले, तर पाचव्या आठवड्यात मुले चॅटमधून चालणारी स्वतःची आज्ञा लिहायला शिकली. या वेळचा विषय लूप हा होता आणि त्यासाठी खेळात उभारायला मी शनिवारवाड्यातील हजारी कारंजे निवडले. कमळाच्या आकाराच्या या कारंज्याला सोळा पाकळ्या आहेत, आणि एकच कृती सोळा वेळा, दर वेळी थोडी पुढे सरकून करायची, हे लूपचे काम मुलांना त्या पाकळ्यांमध्ये लगेच दिसले. ३६० भागिले १६, म्हणजे प्रत्येक पाकळीचा एक दगड, आधीच्यापेक्षा २२.५ अंश पुढे. साइन आणि कोसाइन ही त्रिकोणमिती मुले शाळेत अजून शिकलेली नाहीत. त्यामुळे मध्यबिंदूपासून पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती जायचे हे सांगणारी दोन यंत्रे, एवढीच त्यांची ओळख मी आलेख-कागदावर करून दिली. खेळात वाय हा अक्ष उंचीचा असतो आणि झेड उत्तरेकडे जातो, हे मात्र दोनदा सांगावे लागले, कारण शाळेच्या आलेखात वाय कागदावरच वर जातो.

नववीतील एका मुलीने बारा ठोकळे त्रिज्येचे वर्तुळ सर्वांत आधी पूर्ण केले. दगड वर्तुळावरच पडले होते, पण काही एकमेकांना जवळजवळ खेटून, तर काहींच्या मध्ये मोठी फट. लुआचे साइन-कोसाइन अंश न घेता रेडियन घेतात, आणि एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, त्यामुळे तिचा प्रत्येक दगड २२.५ अंशांऐवजी वर्तुळाला तीन पूर्ण फेऱ्या मारून आणखी सुमारे २०९ अंश पुढे जाऊन पडत होता. अंशांचे रेडियन करणारे फंक्शन मध्ये घातल्यावर कमळ नीट उमटले. मी समाधानाने पुढच्या लॅपटॉपकडे वळलो, तेवढ्यात तिने विचारले, “काका, मघाशी मी सतरा दगड मोजले होते. आता सोळाच आहेत. एक कुठे गेला?”

तिचा लूप शून्यापासून सोळापर्यंत चालत होता. लुआमध्ये दोन्ही टोके धरली जातात, म्हणजे एकूण सतरा फेऱ्या. कोन बरोबर झाल्यावर सतरावी फेरी ३६० अंशांवर, म्हणजे पहिल्या दगडाच्याच जागी येते, आणि तेथे दगडावर पुन्हा दगड ठेवला जातो. चुकीच्या कोनामुळे तोच दगड वेगळ्या जागी पडून दिसत होता. पहिली चूक सुधारली आणि दुसरी झाकली गेली. खेळात चूक डोळ्यांना दिसते, म्हणून मॉडिंगमधून शिकवावे, असे मी गेली दोन वर्षे सर्वांना सांगत आलो आहे, पण दृश्य बरोबर असूनही कोड चुकलेले असू शकते याचे इतके स्वच्छ उदाहरण मी स्वतः कधी रचू शकलो नसतो. मग सर्वांनी लूपमध्ये एक मोजणी ठेवली आणि शेवटी आकडा चॅटमध्ये छापला. सातपैकी तीन जणांकडे सतरा आला. आता ‘आधी मोजणी छापा, मग चित्र पाहा’ हा नियम मी वर्गात कायम ठेवणार आहे.

पाणी सोडल्यावर अंगण भरून गेले. त्यावर उपाय म्हणून दगड हलवण्याची गरज पडली नाही; साध्या पाण्याऐवजी माइनटेस्ट गेममधील (लुआंटीवर चालणारा, जुनेच नाव टिकवलेला खेळ) नदीचे पाणी वापरले, कारण त्याच्या व्याख्येत पसरण्याची मर्यादा दोन ठेवलेली आहे. कोडमधील एका नावाच्या बदलाने पूर ओसरला.

पुढील रविवारी तटाचे नऊ बुरूज घ्यायचे आहेत. त्यांच्यासाठी वर्तुळाचे सूत्र चालणार नाही, म्हणून जागांची यादी टेबलमध्ये ठेवावी लागेल, आणि लुआच्या टेबलची मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होते हेही तेव्हाच सांगता येईल. अंतरे इंटरनेटवरून घेण्याऐवजी शनिवारवाड्याला जाऊन पावलांनी मोजायची, असे मुलांनीच ठरवले आहे. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे असल्यामुळे मोजणी तेथून सुरू करायची आणि तीच झेडची दिशा धरायची.