केंटकीला गेला

सासूबाईंच्या एका पूर्वजाच्या नावापुढे कराची रक्कम आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘केंटकीला गेला’. वॉशिंग्टन काउंटी, व्हर्जिनिया, 1787 सालची थकबाकीदारांची यादी. त्याच्या वरच्या माणसापुढे ‘मयत’, खालच्यापुढे ‘सापडत नाही’. सासूबाईंच्या वंशावळीच्या वहीतली 1783 नंतरची कोरी पानं या एका ओळीने भरायला लागतील. आनंद व्हायला हवा होता, पण एकच गोष्ट टोचत राहिली आहे. हा कर बुडवून पळाला.

सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा कर. माझ्या रक्ताचाही नाही तो, मुलांच्या आहे. तरी वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं हे काही केल्या कळेना.

मुळात या यादीपर्यंत यावं लागतं, कारण दुसरं काही हाताशी नसतं. व्हर्जिनियाची 1790 ची जनगणना उरलेली नाही. केंटकीची 1790 आणि 1800, दोन्ही गेल्या. टेनेसीचीही तीच गत. लोक झुंडीने डोंगर ओलांडत होते, नेमकी त्याच वर्षांची पानं गायब. जी उरली आहेत त्यांतही 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बायको, मुलं, म्हातारी आई, सगळी वयोगटाच्या रकान्यातले आकडे. मग राहतात करयाद्या. व्हर्जिनियात 1782 पासून त्या दरवर्षीच्या आहेत, जमिनीची वेगळी आणि माणूस-घोडी-गुरांची वेगळी. भूमिहीन माणूस शोधायचा तर दुसरी.

ती सूचीवरून शोधायची नसते. पूर्ण यादी वाचायची, एकेक वर्ष करत. नाव, कराची नोंद करणारा कमिशनर कोणत्या तारखेला आला, सोळा ते एकवीसमधले मुलगे किती, घोडी किती, गुरं किती, सगळं तक्त्यात उतरवायचं. आमच्या काउंटीत याच नावाचे दोघे आहेत. एकाकडे सात-आठ घोडी, दुसऱ्याकडे कधी दोन, कधी तीन. घोड्यांवरूनच दोघे वेगळे झाले. श्रीमंत आहे तिथेच राहतो, दोन घोड्यांचा नाहीसा होतो. तारखाही मोलाच्या: यादी आद्याक्षरांनी लावलेली असली तरी ज्यांची तारीख एक ते बहुधा एकाच ओढ्याकाठचे. आणि एखाद्या वर्षी नाव नाही म्हणून माणूस गेला असं लगेच मानू नये. 1808 ला तर व्हर्जिनियात कोणाचंच नाव नाही, कारण त्या वर्षी करच घेतला नव्हता.

माणूस हलला की काउंटी हलली, हेही आधी तपासायचं. त्या मुलखात एकाच जागी बसलेला माणूस आधी ऑगस्टा काउंटीत, 1770 मध्ये बोटेटॉर्टमध्ये, 1772 मध्ये फिनकॅसलमध्ये आणि 1777 पासून वॉशिंग्टनमध्ये दिसतो. कागदावर तीनदा स्थलांतर, प्रत्यक्षात चूल तीच. किती वंशावळींत ही तीन ‘स्थलांतरं’ तारखांसकट लिहिलेली आहेत!

तर, पळाला. त्याच्याबद्दल एवढी एकच स्पष्ट ओळ सरकारी कागदात असावी आणि तीही वसुली करणाऱ्याने वैतागून लिहिलेली. ज्याने मुकाट्याने पैसे भरले तो कुठे गेला हे कोणी लिहून ठेवत नाही. बुडवणाऱ्याची वाट मात्र नोंदली जाते. एवढे डोळे फोडून माझ्या वाट्याला काय आलं, तर एका बुडव्याचा पुढचा पत्ता. सासूबाईंना अगदी सैनिक नाही तरी निदान सज्जन माणूस हवा होता. मलाही हवा होता बहुतेक.

मग तारखा पुन्हा पाहिल्या. कमिशनर त्याच्या दारात आला तो मे महिन्यात. तेव्हा दोन घोडी, चार गुरं लिहिली. वसुली शेरीफची, आणि ती नंतर. मे ते वसुली यांच्या मधल्या काळात जो कोणी काउंटी सोडेल, तो आपोआप थकबाकीदार ठरणार, मग मनात बुडवायचं असो वा नसो. मका काढून झाल्यावर निघायचं हा शेतकऱ्याचा साधा हिशेब. शेरीफचाही आपला हिशेब होताच: जी रक्कम वसूल झाली नाही ती त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ही यादी काउंटी कोर्टापुढे ठेवायची आणि सूट मिळवायची. म्हणजे ‘केंटकीला गेला’ हे लिहिण्यात त्याची सोय होती. शेरीफ काही त्याच्या मागे केंटकीच्या वाटेवरच्या कंबरलँडच्या खिंडीपर्यंत गेला नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं, याने लिहिलं.

त्यामुळे या ओळीला एकटीला पुरावा म्हणता येत नाही. माणूस पलीकडे उगवलेला दिसला पाहिजे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग, 1792 मध्ये वेगळं राज्य झालं, म्हणून पलीकडच्या याद्याही व्हर्जिनियाच्याच दप्तरात शोधायच्या. (राज्याबाहेरसुद्धा गेला नव्हता बिचारा.) लिंकन काउंटीच्या पुढच्या यादीत तो आहे. दोन घोडी. गुरं नाहीत. खिंडीतून 1796 पर्यंत गाडीरस्ताच नव्हता. जे काही होतं ते त्या दोन घोड्यांच्या पाठीवर गेलं असणार. त्याच तारखेला जवळपास वॉशिंग्टन काउंटीतली ओळखीची तीन नावं.

त्या तिघांतला एक पुढे पेन्शन मागतो. 1832 च्या कायद्याने अमेरिकन क्रांतियुद्धातल्या म्हाताऱ्यांना कोर्टात उभं करून ठरलेले प्रश्न विचारले जात: जन्म कुठे, सैन्यात गेलात तेव्हा राहत कुठे होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. आपल्या माणसाने अर्ज केला नसेल तर शेजाऱ्यांचे वाचावेत. हा सांगतो, 87 च्या शरदात चार-पाच घरं मिळून निघालो. म्हणजे एकत्र.

इथे माझं समाधान होऊन थांबायला हरकत नव्हती. पण मग थकबाकीच्या यादीत या शेजाऱ्याचं नाव का नाही? एकाच दिवशी निघाले, एकाने भरलं, एकाने नाही. झालं, पुन्हा तेच टोचणं.

उत्तर खरेदीखतांच्या पुस्तकात होतं, निदान मी तरी ते उत्तर मानते आहे. शेजाऱ्याकडे जमीन होती. ती विकल्याचा दस्त त्याने त्या सप्टेंबरात भर कोर्टात कबूल केला. बायकोला बाजूला घेऊन विचारलं, तिने आपला हक्क सोडला, तिचं नाव पुस्तकात आलं. कोर्टाच्या दिवशी शेरीफ तिथेच हजर. पैसे हातात आलेला माणूस त्याच्यासमोरून कर न भरता जाईल कसा? आमच्याकडे विकायला जमीन नव्हती, कोर्टात जायचं कारण नव्हतं. आणि म्हणूनच आमच्या बाईचं नावही कुठे नाही.

शेजाऱ्याच्या ओळीत आणखी एका रकान्यात, गुलामांच्या, एक आकडा आहे. 1783 च्या यादीत तिथे नुसतं एक नाव, आडनावाशिवाय. तोही खिंडीतून गेला असणार, कोणाच्या इच्छेने ते उघडच आहे. त्यावर आज लिहिता येणार नाही.

पुढची वाट पटकन उतरवून ठेवते. ग्रीन नदीच्या दक्षिणेला दोनशे एकर. केंटकीच्या करयादीत जवळच्या ओढ्याचं नाव लिहितात, त्यामुळे जागा सापडते. मग इंडियाना. तिथे चतुःसीमेच्या ‘पांढऱ्या ओक झाडापासून’ वगैरे भानगडी संपतात, सहा मैल चौरस टाउनशिप, त्यात 640 एकरांचे 36 सेक्शन. मात्र जमिनीच्या सनदेच्या तारखेवर विसंबू नये. अब्राहम लिंकनचे वडील थॉमस 1816 मध्ये इंडियानात आले, 1817 मध्ये व्हिन्सेन्सच्या कचेरीत 160 एकर उधारीवर नोंदवले, आणि त्यातली अर्धी सोडून उरलेली 80 एकर नावावर झाली ती 1827 मध्ये. नुसती सनद पाहणारा त्यांना दहा वर्षं उशिरा पोचवील. कचेरीतली नोंद पाहावी. सैनिकी वॉरंटवरच्या, म्हणजे सैन्यातल्या सेवेबद्दल मिळालेल्या हक्कपत्रावरच्या, जमिनीचं याहून वाईट: बहुतेकांनी वॉरंट विकून टाकलं, जमीन आयोवात आणि म्हातारा इंडियानातच.

सासूबाईंना काय सांगायचं तेही ठरलं आहे. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या, क्रांतियुद्धाला हातभार लावलेल्यांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेत व्हर्जिनियाचा 1783 चा कर भरलेला असला तर ती देशसेवा धरतात, कारण तो पैसा युद्धाच्या देण्यांसाठी होता. त्या वर्षीच्या यादीत आमचा माणूस आहे, तीन घोडी, आणि थकबाकीत नाव नाही. म्हणजे 83 मध्ये तीन घोड्यांचा देशभक्त आणि 87 मध्ये दोन घोड्यांचा बुडव्या. सभासदत्वाच्या अर्जाला 83 चा कागद जोडायचा. 87 चाही जोडावा लागेल, कारण केंटकीतला माणूस हाच हे दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे. सासूबाई वाचतील आणि चष्मा काढून विचारतील, किती बुडवले? रक्कम काही शिलिंगांची आहे, मी देऊन टाकीन म्हणावं.