एस्टीम–स्पीडुइनो: आयडलचं हंटिंग सापडलं, डेड टाइममध्ये

सापडलं एकदाचं! एस्टीमवर स्पीडुइनो हा ओपन-सोर्स ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, हेडलाइट लावले किंवा रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आरपीएम खालीवर व्हायचा (हेच हंटिंग) आणि वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; 1 म्हणजे नेमकं, त्याच्या वर म्हणजे पेट्रोल कमी) 1.16 पर्यंत चढायचा, ते थांबलंय. (ई20 पेट्रोलवर साध्या पेट्रोलचं 14.7 हे हवा-इंधन प्रमाण धरून ट्यून करू नका, गेज लॅम्बडावरच ठेवा.)

मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), व्हॅक्यूम लीक, अर्थिंग हे सगळं मागच्या अपडेटमध्ये झालंच होतं. लॉग पुन्हा चाळताना दिसलं की लॅम्बडा चढतो तिथे दर वेळी बॅटरी 13.9 वरून 12.4 व्होल्टवर आलेली असते. फुल थ्रॉटलला मात्र तेवढंच व्होल्टेज पडूनही मिक्स्चर हलत नाही. मग इंजेक्टर उतरवून थेट बेंचवर घेतले.

व्हेरिएबल पॉवर सप्लाय, प्रेशर 3 बार, टेस्टिंग फ्लुइड (पेट्रोलवर हा प्रयोग अजिबात नको) आणि 2, 4, 6 मिलिसेकंदांचे हजार-हजार पल्स मोजपात्रात. आलेख सरळ रेषेत येतो, आणि ती रेषा शून्य सीसीला जिथे टेकते तो डेड टाइम, म्हणजे पल्समधला इंजेक्टर उघडण्यात वाया जाणारा वेळ. 13.9 व्होल्टला 0.95 मिलिसेकंद आला, 12.4 ला 1.20. इंजेक्टर विक्रेत्याच्या शीटवर होते 0.60 आणि 0.65! मॅच्ड सेट (एकसारखे निवडलेले इंजेक्टर) म्हणून पैसे घ्यायचे तर आकडे मोजून द्यायला हवेत.

स्कोपला करंट क्लॅम्प लावून खात्री केली. करंटच्या चढत्या रेषेत सुई उचलते तिथे बारीक खळगा पडतो. व्होल्टेज उतरवलं की तो खळगा उजवीकडे सरकतो. हे बघताना काय आनंद झाला! इंजेक्टरवर काम करणाऱ्याने पहिली खरेदी क्लॅम्पची करावी, महागड्या गेजची नंतर.

आयडलचा पल्स 2.4, त्यातून 0.95 वजा जाता पेट्रोल पडतं ते फक्त 1.45 मिलिसेकंद. व्होल्टेज पडलं तेव्हा शीटच्या कर्व्हने 0.25 ऐवजी 0.05 चीच भर घातली, म्हणजे 0.20 कमी, जवळपास 14 टक्के. दहा मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तीच तूट जेमतेम 2 टक्के, म्हणून रस्त्यावर पत्ता लागत नव्हता. त्यात आरपीएम पडला की मॅप वाढतो, ईसीयू जास्त पेट्रोल देतो, इंजिन उसळतं आणि पुन्हा तेच चक्र.

नवा कर्व्ह भरला, व्होल्टेज करेक्शन 'ओपन टाइम ओन्ली'वर (म्हणजे पूर्ण पल्सला नाही, फक्त डेड टाइमला) ठेवलं. व्हीई टेबलमधला (कुठल्या आरपीएम-दाबाला किती पेट्रोल द्यायचं तो तक्ता) आयडलपाशी आलेला उंचवटाही गेला, तो डेड टाइमचीच तूट भरून काढत होता. आता पंखा लागला तरी लॅम्बडा 1.02 च्या वर जात नाही.

पुढे कोल्ड स्टार्ट घेणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं की सध्या इंजिनच्या दर सायकलला प्रत्येक इंजेक्टरचे दोन स्क्वर्ट (फवारे), म्हणजे डेड टाइमही दोनदा. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने एकदाच पेट्रोल) केलं तर एकच पल्स, 3.85 चा, आणि व्होल्टेजची चूक टक्क्यांत निम्मी. क्रँकला 36-1 चाक (36 दात्यांच्या जागा, एक दाता कमी) आहेच, फक्त कुठल्या सिलिंडरची पाळी ते सांगणारा कॅम सिग्नल हवा. तेव्हा वॉर्म-अप कर्व्ह थांबला, आधी कॅमसाठी हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून दाता ओळखणारा). डिस्ट्रिब्यूटरच्या जागी कोणी बसवला असेल तर ब्रॅकेटची मापं आणि सेन्सर-दात्यातली गॅप सांगा.