बांगड्यावरचा आळ

मे महिन्यातला सोमवार. वेंगुर्ल्याच्या माझ्या दवाखान्यात साठीच्या एक काकी आल्या, डावा हात पदराखाली झाकलेला.

"डॉक्टरांनू, बांगडो बाधलो."

पदर बाजूला केला. मनगटापासून कोपरापर्यंत पाणी भरलेल्या फोडांचा लालभडक ओघळ. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा जुना काळा डाग, तोही सुजलेला. रविवारी रात्री बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि पहाटे हात पेटला, म्हणजे गुन्हेगार ठरलाच. मेडिकलमधून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळीने झोप तेवढी आली, खाज तशीच.

सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा लोकांची मासळी बंद केलेली आहे. वेंगुर्ल्यात मासळी बंद करणं म्हणजे केवढी शिक्षा, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला काय कळणार!

मासळीची ॲलर्जी बहुधा मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत दिसते. कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, अंगावर गांधी उठतात, इथल्या मावळल्या की तिथे उठतात. नीट न ठेवलेल्या बांगड्यात तर हिस्टामिन आयतंच तयार झालेलं असतं. पण गांधी कधी ओघळासारख्या उठत नाहीत. इथे काहीतरी हातावरून खरोखरच ओघळलं होतं.

"कालचं जेवण राहू दे, काकी. शनिवारी काय केलंत?"

"लोणच्याक कैऱ्ये काढले."

डाव्या हातात कैरी धरून उजव्याने देठ मोडायचा. चीक थेट कोपरापर्यंत.

"आंबो? आंबे तर जन्मापासून खातंय!"

मग उजव्या हाताचा डाग कसला? बारा वर्षांपूर्वी त्या काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात. हाताला राख फासूनही टरफलाचं तेल लागायचंच. एकदा हात असा भाजून निघाला की कामच सोडलं.

गाठ तिथेच होती. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या तेलातली आणि आंब्याच्या चिकातली काही रसायनं इतकी सारखी की शरीराच्या संरक्षक टी पेशींना ती वेगळी ओळखता येत नाहीत. बारा वर्षांपूर्वीच कातडीतल्या पहारेकरी लँगरहान्स पेशींनी आणि त्यांच्या जातीच्या इतर पेशींनी काजूच्या तेलाचा तो माल काखेतल्या गाठींपर्यंत नेऊन टी पेशींना दाखवला होता. (१८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने या पेशी प्रथम पाहिल्या, तेव्हा त्याला त्या मज्जातंतूंच्याच वाटल्या होत्या.) टी पेशींची फौज जमायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून शनिवारच्या चिकाचा आळ रविवारच्या बांगड्यावर. ॲलर्जीची गोळी हिस्टामिनला अडवते, आणि यात हिस्टामिनचं काम फारसं नसल्यामुळे तीही वाया.

उजव्या हाताला चीक जेमतेम लागला असणार, तरी डाग सुजला होता. मी विचारलं, "पहिली खाज कुठे आली?"

काकींनी डागावर बोट ठेवलं. "हय. शनिवारी रातीच."

बांगडा घरात येण्याच्या एक दिवस आधी! जुन्या जखमेच्या कातडीत काही टी पेशी कायमच्या वस्तीला राहतात. त्यांना कुठून यायचं नसतं, त्या तिथेच बसलेल्या असतात. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पेशंटच्या तोंडून असं वेळेसकट ऐकायला मिळालं नव्हतं.

स्टिरॉइडचं मलम लिहिलं. चिकाला हात लावायचा नाही, आंबा दुसऱ्याने सोलून दिला तरच खायचा, काजूच्या ओल्या बिया तर लांबच ठेवायच्या, असं बजावलं.

"आणि बांगडो?"

"खावा."

काकी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मगे लोणचा कोण घालतला?"