फेसबुक नव्हतं त्या रात्रीची पाळी

सातारा जिल्ह्यात गावोगाव फायबर टाकून इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी रात्रपाळी करतो. केबल तुटली की आमची तारांबळ उडते असं लोकांना वाटतं. खरं तर ते सगळ्यात सोपं काम. एका पोर्टवरचे सगळे ग्राहक एकदम पडतात, घरोघरच्या डब्यावर लाल दिवा लागतो, कुठल्या वळणावर जेसीबी घुसला ते मशीन मीटरमध्ये सांगतं, लाइनमन निघतो. डोकं उठतं ते दिवे हिरवे असताना माणूस ‘नेट गेलंय’ म्हणतो तेव्हा.

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा राज्यात त्याच दिवशी पुन्हा भरल्या होत्या, त्यामुळे वेळापत्रकं, अभ्यास, गणवेशाच्या सूचना असं सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर चाललेलं. रात्री सव्वानऊला फोन सुरू झाले ते थांबेचनात.

“अहो, तुमचं नेट गेलंय.”

“काका, यूट्यूब लावून बघा बरं.”

“यूट्यूबचं काय करू? व्हॉट्सअ‍ॅप चालेना म्हणतोय मी!”

फोन घेणाऱ्या पोराने पाठ केलेलं उत्तर सुरू ठेवलं: राउटर बंद करून चालू करा. शेकडो घरांनी ते मनोभावे केलं आणि सगळी लॉगिन एकदम आमच्या अंगावर आली. हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला एकदा भेटायचंय. लाइनमनना कळवावं तर आमचा ड्यूटीचा ग्रुपही व्हॉट्सअ‍ॅपवरच. साधा एसएमएसचा पर्याय ठेवा, असं शेठना किती वेळा सांगितलं होतं!

स्क्रीनवर गंमत दिसत होती. यूट्यूबचा ग्राफ नेहमीसारखा, फेसबुककडून येणारी रेघ मात्र सरळ तळाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, कुठलंही नाव विचारलं की उत्तर एकच: सर्व्हफेल. म्हणजे नाव आहे, पण त्याचा पत्ता सांगणारं कुणी भेटत नाही. तुमचा फोन आधी आमच्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या मशीनला, पत्ता विचारतो, आमचा सर्व्हर त्या कंपनीच्या नेमसर्व्हरना, म्हणजे तिचे पत्ते ठेवणाऱ्या मशीनना, विचारतो. आणि त्या नेमसर्व्हरकडे जायचा रस्ताच जगभरच्या राउटरांच्या यादीतून गायब झाला होता.

कारण नंतर फेसबुकनेच जाहीर केलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. अशी कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्येच दोष निघाला. डेटा सेंटर दिसेना झालं, तेव्हा नेमसर्व्हरनी नियमाप्रमाणे ‘आमच्याकडे या’ ही बीजीपीची (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात त्या पद्धतीची) जाहिरात मागे घेतली. सर्व्हर ठणठणीत होते, पण त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं. दुरुस्तीची हत्यारंही त्याच जाळ्यावर होती, म्हणून माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडक सुरक्षेने त्यांचाही वेळ खाल्ला.

हे सगळं वाचायला छान आहे. त्या रात्री माझ्यापुढे होता तो दहाच्या सुमारास आलेला दुसरा फोन. बँकेची साइट उघडत नाही म्हणे. मग तिसरा: रेल्वेचं तिकीट निघेना. यांचा आणि फेसबुकचा काय संबंध?

संबंध आमच्या डीएनएस सर्व्हरमध्ये होता. उत्तर मिळालं नाही म्हणून फोनमधलं अ‍ॅप गप्प बसत नाही, पुन्हा विचारतं, पुन्हा विचारतं. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या, कुणालाही वापरता येणाऱ्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरवर त्या वेळी नेहमीच्या ३० पट प्रश्न येत होते. आमचं मशीन जुनं आणि लहान. प्रत्येक प्रश्नासाठी ते फेसबुकच्या नेमसर्व्हरची वाट बघत थांबायचं, वाट बघणाऱ्यांची यादी भरायची, आणि बँकेचा पत्ता विचारणारा रांगेत अडकायचा. ‘सगळंच स्लो झालंय’ म्हणणारी माणसं शंभर टक्के खरं बोलत होती, आणि आम्ही त्यांना ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ असं सांगत होतो.

दूरसंचार विभागाकडून साइट बंद करण्याचे आदेश येतात तेव्हा आम्ही एका फायलीत ती नावं टाकतो. मग आमचा सर्व्हर कुणालाही न विचारता झटकन सांगतो: असं नावच नाही. मी तीच फाइल उघडली आणि फेसबुक, त्यांच्या फोटोंचा सर्व्हर, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपची दोन नावं, अशा पाच ओळी लिहिल्या. सेव्ह केलं, सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली. दोन-तीन मिनिटांत रांग ओसरली, बँक उघडली, रेल्वेही उघडली.

पहाटे तीनच्या आसपास फेसबुकचे रस्ते परत दिसू लागले, तशा मी ओळी काढल्या. काढल्या नसत्या तर जग सुरू झाल्यावरही आमच्या ग्राहकांना ते बंदच दिसलं असतं. ज्याने आपल्या फोनमध्ये दुसरा डीएनएस घातलाय तेवढाच सुटला असता.

सकाळी शेठना सांगितलं. ते खूश झाले. चहा मागवला. मग म्हणाले, “म्हणजे आपल्या मनात आलं तर कुठलीही साइट आपण बंद करू शकतो की.”

“आदेश असेल तर,” मी म्हणालो.

“काल कुणाचा आदेश होता?”

ते हसत होते. चेष्टा असेल. पण काल खरंच कुणाचाच नव्हता. आदेशाने टाकलेल्या नावाला पत्र असतं, तारीख असते. माझ्या पाच ओळींना काहीच नव्हतं, आणि आमच्या हजारो घरांतल्या एकाही माणसाला त्या कळल्या नाहीत, कळायची सोयही नाही. दिवसपाळीवाला म्हणतो, उगाच ताणतोस, बंद पडलेलंच तर बंद केलंस. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, आणि तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण त्या फायलीचा पासवर्ड आमच्याकडे चौघांना माहीत आहे, त्यात शेठचा भाचाही आहे. आता ओळ कुणी आणि का टाकली याची वही ठेवू या, असं मी म्हटलं, तर शेठ म्हणाले, “कशाला वाढवतोस काम?”

वही मी माझ्यापुरती सुरू केलीय. भाच्याने अजून तिच्यात काही लिहिलेलं नाही.