तिकडे सोपं असतं का हो?

२०२४ साली पॅरिसला ऑलिम्पिकमध्ये भारताला ६ पदकं मिळाली आणि काही आठवड्यांनी पॅरालिम्पिकमध्ये २९. मी दिव्यांग खेळाडूंना गोळाफेक शिकवतो हे कळलं, की लग्नात असो वा बँकेच्या रांगेत, लोक आवाज खाली घेऊन विचारतातच, "तिकडे सोपं असतं का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शंका अगदीच खोटी नाही. अपंगत्वाचा प्रकार आणि तीव्रता बघून गट पडतात, त्यामुळे एकट्या गोळाफेकीच्याच अनेक स्पर्धा होतात. पॅरिसला पॅरालिम्पिकमध्ये ५४९ सुवर्णपदकं पणाला होती, ऑलिम्पिकमध्ये ३२९. पण मग पोहण्याचं काय? तिथे १४१ स्पर्धा होत्या आणि आपलं पदक एकही नाही. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, त्यानंतर पोहण्यात आपली पाटी कोरीच आहे. सोपं असतं तर तिथेही लुटून आणली असती की!

२९ पैकी १७ पदकं ॲथलेटिक्समधली आहेत. मोकळं मैदान कुठेही मिळतं. तरणतलावात व्हीलचेअर आतपर्यंत न्यायची, कपडे बदलायला जागा हवी, पाण्यात उतरवणारं माणूस हवं, आणि "यांना कुठे आणलंत?" असं न म्हणणारा व्यवस्थापक हवा. शेवटचं सर्वांत दुर्मीळ.

मैदानातही सगळं फुकट नसतं. बसून फेकणाऱ्यांची खुर्ची वेगळी असते, आम्ही तिला फ्रेम म्हणतो. उशीसकट बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. ती पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधायची, मग खेळाडूच्या मांड्या आणि कंबर फ्रेमला. फेकताना फ्रेम सूतभर हलली तरी जोर तिथेच जिरतो. आम्ही ती वेल्डिंगवाल्याकडून एकेकाच्या मापाने करून घेतो. स्पर्धेला जाताना खेळाडू, व्हीलचेअर आणि हे लोखंडी धूड, तिन्ही रेल्वेच्या डब्यात चढवायचं.

मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही. उन्हात अंग तापतच जातं, म्हणून सरावात माझ्या एका हातात फेक मोजायची टेप असते आणि दुसऱ्यात पाण्याचा स्प्रे. बसल्या जागी कातडी सोलवटली तरी त्यांना कळत नाही. बेडसोअर चिघळला की हंगाम गेला.

शिवाय गट ठरवणारं वर्गीकरण. तज्ज्ञांचं मंडळ तपासून गट देतं आणि नंतर बदलूही शकतं. टोकियोत आपल्या एका थाळीफेकपटूचं कांस्य जिंकल्यावर गेलं, कारण मंडळाला त्याला कुठल्याच गटात बसवता आलं नाही. देवेंद्र झाझडियांचं उलटं. २००४ ला अथेन्समध्ये भालाफेकीचं सुवर्ण घेतलं आणि पुढच्या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या गटाची स्पर्धाच नव्हती. पुढचं सुवर्ण थेट २०१६ ला, रिओत. एवढा दम किती जणांकडे असतो? किती घरांना तो परवडतो?

पैसा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पॅरालिम्पिकच्या सुवर्णाला केंद्र सरकार ऑलिम्पिकइतकेच ७५ लाख देतं, आणि पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीच्या केंद्राच्या 'टॉप्स' योजनेत मुख्य गटात निवड झाली तर महिन्याला ५० हजार भत्ता. पण हे सगळं पदकाच्या जवळ पोचल्यावर. तोपर्यंतची फ्रेम घरची, तिकीट घरचं आणि सोबत येणाऱ्या भावाची बुडालेली रोजंदारीही घरचीच.

मुलींचं तर आणखी अवघड. माझ्याकडे एक मुलगी येते. हात असा, की पहिल्याच दिवशी मी टेप पुन्हा लावून बघितली. पण तिला व्हीलचेअरवरून उचलून फ्रेमवर बसवायला आईच लागते, आणि आई शेतमजुरीला जाते. त्यामुळे सराव आठवड्यातून एकदा, आईच्या सुट्टीच्या दिवशी. मी उचलायला तयार आहे, पण घरच्यांना ते चालत नाही आणि तिलाही अवघडल्यासारखं होतं. तुमच्या ओळखीत सकाळी दोन तास मोकळी असणारी कुणी बाई असेल तर कळवा. स्वतःच्या पाठीत लचक न भरता उचलायचं कसं, ते मी शिकवतो.