तुम्ही विचारलंत म्हणून : कासच्या पठारावर झाडं का लावत नाहीत?

सप्टेंबरात पाहुण्यांना कास दाखवायला नेलं की कुणीतरी विचारतंच, "एवढा पाऊस पडतो, एवढी मोकळी जागा आहे, मग इथे झाडं का लावत नाहीत?" परवा एका काकांनी विचारलं, तेवढ्यात सर आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. ते आता पुरं करतो.

काका, आपण उभे होतो तिथे पायाखाली जांभा दगड होता. सह्याद्रीचा काळा कातळ लाखो वर्षं पावसात भिजला, उन्हात तापला; त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलं आणि लोह नि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. तीही आंबट आणि कसहीन, कारण दरवर्षीचा पाऊस तिच्यातलं नत्र वाहून नेतो. पावसाळाभर ती पाण्याने तुडुंब असते, मुळांना हवा मिळत नाही. दिवाळीनंतर तीच माती वाळून खडखडीत होते आणि एप्रिलात कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. जे झाड पावसात गुदमरणार नाही ते उन्हाळ्यात तहानेने मरेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना आम्ही पन्नासेक मुलांनी अशाच एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पहारीने खड्डे घेतले होते. खालून घमेल्यांनी तांबडी माती वर नेली, रोपं लावली, फार अभिमान वाटला होता. होळीपर्यंत सगळी रोपं वाळली. पुढच्या पावसात त्या खड्ड्यांतून खालच्या मातीतलं तण उगवलं आणि आसपास पसरलं. तिथे आधी सीतेची आसवं फुलायची. त्या जागी ती मला पुन्हा दिसली नाहीत, आणि ते अजून सलतं.

ही सीतेची आसवं म्हणजे वीतभरही उंची नसलेली निळी-जांभळी फुलं. मातीत नत्र नाही, म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली : चिखलातल्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. शेजारची दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. कवला शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवतो. पिवळ्या कवल्याला सगळे 'मिकी माउस' म्हणतात. मला कवलाच आवडतं. डबक्यातला वायतुरा पाणी आटलं की चिखलात कंद ठेवून झोपी जातो. बाकीच्या बहुतेकांचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि ऊन चढायच्या आत मोकळं व्हायचं.

माती दोन बोटं जाड झाली की वस्ती बदलते. उघड्या कातळावर दगडफूल आणि शेवाळ, पातळ ओल्या मातीत गेंद आणि आसवं, जरा जाड थरावर तेरडा आणि सोनकी, त्याहून खोल मातीत टोपली कारवी. ती टोपली पालथी घातल्यासारखी वाढते आणि सात वर्षांनी एकदा फुलते. म्हणून गुलाबी, पिवळा, निळा असे रंग पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. मातीची खोली मोजायला पट्टी लागत नाही, फुलं बघायची.

२०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या त्यांत कास आहे. इथल्या काही जाती या सड्यांबाहेर सापडत नाहीत. सावली पडली, खत पडलं, बाहेरची माती पडली, की उंच गवत येतं आणि या बारक्या वनस्पतींचं ऊन अडवतं. फुलात बसून फोटो काढला तरी बोटभर माती दबते. ती सैल व्हायला किती पावसाळे जावे लागतात!

झाडं आहेत काका. पठाराच्या कडेला उतार सुरू झाला, माती खोल झाली, की लगेच दाट रान लागतं. तुम्हाला लावायचीच असतील तर जूनमध्ये पायथ्याच्या गावात या. पहार घेऊन मी येतो.